मिठाच्या पाण्यातली बरणी

मला माझ्या हातांचा गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही. पेणमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये वीस-बावीस वर्षं मी एकच काम करते. ऑपरेशनमध्ये माणसाच्या पोटातून, छातीतून, गळ्यातून जे काढतात त्याचे तुकडे मेणात बसवायचे, त्या मेणाचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवायचे आणि रंगवायचे. मग डॉक्टर ती काच मायक्रोस्कोपखाली धरून सांगतात, आजार आहे की नाही आणि असला तर कुठवर गेलाय. पण काप नीट नसेल तर डॉक्टर काय डोंबल सांगणार! नव्या मुली विचारतात, "मॅडम, तुमचा काप फाटत कसा नाही?" मी म्हणते, "फाटतो ना, पण मला विचारून फाटतो."

माझं माहेर आणि सासर दोन्ही रोह्याकडचं, भाताचं आणि वालाचं. रोज सकाळच्या गाडीनं पेणला येते. एकदाच डोळा लागला तेव्हा पेण मागे टाकून थेट जित्याला उतरले होते, त्यावरून लॅबमध्ये अजून चिडवतात. माझी थोरली बहीण मात्र वडखळच्या अलीकडे खाडीकाठी दिली, मिठागरवाल्यांच्या घरात. लग्न ठरलं तेव्हा आईला धास्ती होती, भातातली पोर मिठात कशी राहील. ताई राहिली. दोन वर्षांत तिथलंच बोलायला लागली आणि पाण्याकडे नुसतं बघून मीठ कधी धरेल ते सांगायला लागली.

तर भावोजी, म्हणजे ताईचे मालक, वर्षभर म्हणत होते, मूळव्याध हाय. रक्त पडायचं, वजन उतरायचं, आणि हे आपले ताक पिऊन गप्प. शेवटी मीच ओढून तपासायला नेलं. मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला. पनवेलकडच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, वीतभर आतडं काढलं आणि त्याला लागून असलेली चरबीही काढली.

त्या चरबीलाच खरी किंमत असते. तिच्यात बारीक बारीक गाठी लपलेल्या असतात, त्या प्रत्येकाच्या पोटात असतात. आतड्यातला कॅन्सर बाहेर पडून यकृताकडे निघाला, तर बहुतेक वेळा आधी या गाठींत येऊन बसतो. म्हणून आम्ही त्या एक एक करून शोधतो, निदान बारा तरी सापडायला हव्यात, आणि प्रत्येकीत बघतो. सगळ्या स्वच्छ असल्या तर माणूस बहुधा नुसत्या तपासण्यांवर राहतो. एकीत जरी काही निघालं तरी पुढची औषधं चालू करावी लागतात, आणि ती वेळेत करावी लागतात. भावोजींचं पुढं काय, हे त्या वीतभर तुकड्यात होतं. तो तुकडा जगात एकच होता. बिघडला तर पुन्हा कुठून आणणार?

हॉस्पिटलवाले असा तुकडा कुजू नये म्हणून फॉर्मलिनच्या बरणीत घालून नातेवाइकांच्या हाती देतात, आणि नातेवाईक लॅबमध्ये पोचवतात. ताईनं तिथंच सांगून टाकलं की माझी बहीण पेणला आहे, तिच्याच हातानं काय ते होईल. मला ऐकून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. शनिवारी संध्याकाळी लॅब बंद झालेली, म्हणून ती बरणी घेऊन आधी घरी निघाली, सोमवारी आणून देणार होती. मी तेव्हा रोह्यात एका लग्नात होते. तिचे दोन फोन येऊन गेलेले दिसले, मी म्हटलं, नंतर करते. जेवणावळ, बँड, साड्यांच्या चौकशा, यात ते राहूनच गेलं.

सोमवारी सकाळी लॅब उघडायच्या आधीच ताई पायरीवर बसलेली. मांडीवर पिशवी आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली बरणी. तिनं ती माझ्या हातात दिली तेव्हाच मला शंका आली. फॉर्मलिनची बरणी कितीही घट्ट बंद केली तरी नाकाला चावतेच. हिला वासच नव्हता.

झाकण काढून आत बघितलं. तुकडा बुडालेला असतो, हा वर तरंगत होता. पाण्याबाहेर आलेल्या भागावर पांढरी साय धरलेली.

"बुरशी!" मी ओरडले. "बुरशी आलीय याच्यावर! फॉर्मलिन कुठाय ताई?"

"सांडलं गो," ताई म्हणाली. "वडखळच्या खड्ड्यात टमटम अशी आपटली, झाकणच निघालं. निम्मं माझ्या लुगड्यावर. वास असला, डोळं उघडंना. तुला फोन लावला, तू उचलंना. मंग मी उरलेलं ओतून दिलं आनि आपल्या शेवटच्या वाफ्यातलं पानी भरलं. दाट पानी, मीठ धरनारं. मेंढ्यांच्या वक्ताला बाय तूच..."

"मेंढ्या गेल्या खड्ड्यात!" माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. लॅबमधल्या दोन मुली आतून बाहेर आल्या, पण मला भान नव्हतं. "मासळी आहे का ही, खारवून ठेवायला? नवऱ्याचं आतडं आहे! आता यातून काय कळणार? अडाण्यासारखं वागायला तुला आत्ताच सुचलं? भावोजींना काय झालं तर ते तुझ्या हातानं झालं, एवढं लक्षात ठेव."

हे मी माझ्या बहिणीला बोलले. ज्या बहिणीनं मला कडेवर घेऊन वालाच्या शेंगा तोडल्या, तिला. ताई उठली. टॉवेलाची घडी घातली, पिशवीत ठेवली, आणि पायऱ्या उतरून स्टँडकडे चालू लागली. मी हाक मारली नाही. माझं डोकं सणकलं होतं आणि मला वाटत होतं की मीच बरोबर आहे.

आधी तुकडा ताज्या फॉर्मलिनमध्ये घातला. मग ती पांढरी साय थोडी खरवडून काचेवर घेतली. रोह्याच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र केलंय, आणि बुरशीचं वर्गीकरण हा माझा हातखंडा विषय होता. आमच्या मॅडम रोज एक कुजका पाव नाहीतर बुरसटलेलं लिंबू टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, सांगा कोण आहे. आधी बघायचं, तंतू आहेत का. असले तर त्यांना आडवे पडदे आहेत का. मग बीजाणू कसे धरलेत, पिशवीत, छत्रीवर की उघड्या टोकावर. एवढं पाहिलं की बुरशीचं घराणं सांगता येतं. म्हटलं, निदान कोणती बुरशी आहे ते तरी बघू, म्हणजे किती खोल गेली असेल याचा अंदाज येईल.

मायक्रोस्कोपला डोळा लावला. तंतू नव्हते. एकही नव्हता. नुसते चौकोन होते, स्वच्छ, काठ कापून काढल्यासारखे, लहान-मोठे चौकोन. काच बदलली, दुसऱ्या जागेवरचं खरवडलं. पुन्हा चौकोनच. मीठ होतं ते, दुसरं काही नाही.

मी स्टुलावर बसून राहिले. आणि ताईचं अर्धं तोडलेलं वाक्य तेव्हा कुठे माझ्या कानात शिरलं. मेंढ्यांच्या वेळेला.

ते सांगायला हवं. कॉलेज संपल्यावर माझी पहिली नोकरी मेंढ्यांच्या मागे होती. आमच्याकडे भातं कापून झाली की घाटावरचे धनगर कळप घेऊन खाली उतरतात. शेतकरी त्यांना शेतात मेंढरं बसवायला सांगतात, लेंड्यांचं खत होतं, धनगराला धान्य मिळतं. एक संशोधक सर तेव्हा या कळपांमागे फिरत होते. काही मेंढ्यांना दरवेळी जुळी होतात आणि काहींना जन्मभर एकेकच, हे रक्तात कुठून येतं ते त्यांना शोधायचं होतं. प्रत्येक मेंढीच्या कानाचा मसुराएवढा तुकडा घ्यायचा, स्पिरिटच्या कुपीत टाकायचा, कुपीवर नंबर लिहायचा, आणि त्या मेंढीनं किती कोकरं दिली ते धनगरणीला विचारून टिपायचं. माझं काम कुप्यांचं. धनगरणी मला हसायच्या. एक म्हणाली, "अगं, कोणच्या मेंढीला जुळी व्हत्यात ते मला इच्यार की! कान कशापायी कापतीस?"

एका सकाळी एका एडक्यानं स्पिरिटचा कॅन शिंगावर घेतला. सगळं स्पिरिट भाताच्या खुंटांत जिरलं. कळप दोन दिवसांत पुढे सरकणार, आणि निम्म्या मेंढ्या बाकी. सर डोक्याला हात लावून बांधावर बसले. त्या वेळी ताई माहेरी आली होती. मी घरी जाऊन रडगाणं गायले, तर ती हसली. म्हणाली, "एवढंच ना? आमच्याकडं मिठात मासळी वर्ष काढते, तुझे चार कान काय घेऊन बसलीस." तिनं शेजारच्या दुकानातून फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं कंडक्टरनं रोहा स्टँडवर माझ्या हातात एक कॅन दिला. शेवटच्या वाफ्यातलं दाट पाणी. भावोजींनी स्वतः भरून, फडक्यातून गाळून पाठवलेलं.

सर आधी हसले. मग दुसरा इलाज नाही म्हणून कान त्यात टाकले. दोन-तीन महिन्यांनी त्यांचं पत्र आलं की मिठातल्या कानांतून जे निघालं ते स्पिरिटमधल्यापेक्षाही स्वच्छ. पुढे भेटले तेव्हा चारचौघांत विचारलं, "ही कल्पना कुणाची?"

मी म्हणाले, "माझी, सर."

बस. एवढंच. त्यांनी माझं कौतुक केलं, छापलेल्या निबंधाखाली आभारात माझं नाव घातलं, आणि त्यांच्याच शिफारशीनं मला पेणची ही लॅब मिळाली. तो छापील कागद मी ताईला दाखवायला नेला होता. "बघ ताई," म्हटलं, "मिठात सगळं टिकतं म्हणून सर किती खूष झाले." माझं नाव तिला बोट लावून वाचून दाखवलं. तिचं नाव त्यात का नाही, हे तिनं विचारलं नाही. आणि वीस वर्षांनी, फोन न उचलणाऱ्या बहिणीची वाट बघत, ती डोळे झोंबणारी बरणी मांडीवर घेऊन बसली असेल तेव्हा तिला तेच आठवलं असणार. मीच तिला सांगितलं होतं, मिठात सगळं टिकतं.

स्वतःची एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. तरी मी तिला फोन केला नाही. म्हटलं, आता नुसतं सॉरी घेऊन काय जायचं? उत्तर घेऊनच जाईन.

डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. मंगळवारी त्यांनी फॉर्म वाचला आणि चष्मा काढला. "मॅडम, हा नमुना आपण घ्यायलाच नको. दोन रात्री मिठात? पेशी आक्रसून गेल्या असतील. उद्या चुकीचं काही लिहिलं तर?"

"पेशी आक्रसतील," मी म्हटलं, "पण कुजल्या नसतील. कुजलेलं मला वासानं कळतं. कालपासून फॉर्मलिनमध्ये आहेच, आज रात्रभरही राहू द्या. उद्या मी गाठी शोधते. काप मी काढते. शुक्रवारी काचा बघा, आणि नाही वाचता आल्या तर खुशाल तसं लिहा. पण न बघता परत पाठवू नका."

"नातं आहे का?"

"आहे. म्हणूनच जास्त नीट करीन."

डॉक्टर भला माणूस आहे. म्हणाला, करा. आतड्याचे आणि त्यातल्या कॅन्सरचे तुकडे त्यांनी स्वतः घेतले, चरबी माझ्या हाती दिली.

बुधवारी सकाळी मी ती चरबी पांढऱ्या ट्रेमध्ये घेतली. एरवी ही चरबी लोण्यासारखी बोटांतून निसटते आणि लहान गाठी सटकतात. मिठानं ती आवळून आली होती. मी डोळे मिटले. हे काम डोळ्यांनी होत नाही, बोटांच्या पेरांनी होतं. चरबी चिमटीत धरून हळूहळू सरकवायची, आणि तांदळात खडा लागतो तशी गाठ लागली की थांबायचं. पहिली लागली. मग तिच्याशेजारीच दुसरी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नऊ झाल्या. मी डबा उघडला नाही. मुली चहा घेऊन आल्या, म्हटलं, ठेवा तिकडे, बोलू नका माझ्याशी. चार वाजेपर्यंत चौदा गाठी झाल्या. शेवटची तर बाजरीच्या दाण्याएवढी होती, आतड्यापासून सगळ्यांत लांब, आणि ती दुसऱ्या कुणाला सापडली नसती असं मी आजही छातीठोक सांगते.

गुरुवारी मेणाचे ठोकळे झाले. मिठानं टिश्यू जरा चिवट झाला होता, पहिला काप सुरकुतला. मी ठोकळा बर्फावर ठेवला, पातं बदललं आणि पुन्हा बसले. दुसरा काप अख्खा आला, पाण्यावर सपाट पसरला. चौदा गाठींच्या चौदा काचा मी स्वतः रंगवल्या.

शुक्रवारी डॉक्टरांनी एक एक काच लावली. मी मागे उभी. पहिली काच बघून ते म्हणाले, "आक्रसल्यात थोड्या, पण वाचता येतंय." मग बराच वेळ नुसतं हं, हं. अकराव्या काचेवर थांबले. मला बसायला सांगितलं आणि खुर्ची दिली. मी बघितलं. निळ्या बारीक ठिपक्यांच्या गर्दीत एका कडेला वेड्यावाकड्या पेशींचं एक बेट. आतड्यातल्या त्याच पेशी, इथवर चालत आलेल्या.

"एकच," डॉक्टर म्हणाले. "बाकी तेरा स्वच्छ. ती शेवटची लहानगीसुद्धा स्वच्छ आहे, म्हणजे फार लांब गेलेला नाही. औषधं लागतील, पण योग्य वेळी कळलंय." मग रिपोर्ट लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "मिठाचं कुणाला सुचलं पण? सोमवारपर्यंत कोरडं राहिलं असतं ना, तर कुजून गेलं असतं. काही म्हणजे काही मिळालं नसतं."

"माझ्या बहिणीला," मी म्हटलं. "आणि मेंढ्यांच्या कानांनाही तिलाच सुचलं होतं." डॉक्टरांना मेंढ्यांचं काही कळलं नाही. मी म्हटलं, पुन्हा कधीतरी सांगीन.

आता हे वाचून कुणी बरणीत मीठ भरू नका, बरं का! फॉर्मलिनच बरोबर, आणि सांडलं तर लॅबमध्ये फोन करायचा. आणि लॅबवालीनं तो उचलायचा.

शनिवारी सकाळी रिपोर्ट पर्समध्ये घालून मी वडखळहून रिक्षा केली. वाटेत मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. आधी माफी, मग एक गाठ, मग औषधं कुठे घ्यायची ते.

भावोजी आदल्या दिवशीच घरी आले होते. पडवीत खाटेवर उशीला टेकून बसलेले, पोटाला पट्टा. मला बघून म्हणाले, "आलीस? बघ बाय, आतडं माझं कापलं आनि जेवन तुझ्या बहिनीनं सोडलं. सोमवारपासून चहावर हाय. इचारलं तं बोलत नाय."

"कुठाय?"

त्यांनी हनुवटीनं मिठागराकडे दाखवलं.

ताई बांधावर उभी होती, शेवटच्या वाफ्यापाशी. पाण्यावर पांढरं धरायला लागलं होतं. मी जवळ जाईपर्यंत तिनं मागे बघितलं नाही. पाच दिवसांत तिचा चेहरा उतरून एवढासा झाला होता. मी "ताई" म्हटलं आणि जुळवून आणलेलं सगळं विसरले.

तिनं माझ्या पर्सकडे बघितलं. कॅन्सरचं विचारील असं मला वाटलं. ती म्हणाली, "आधी येक सांग. सडलं व्हतं का गो?"

"नाय गो ताई," मी म्हटलं. "काय सडलं नव्हतं. सगळं टिकलं. तू मीठ घातलंस म्हणून टिकलं. मेंढ्यांचे कान पण तुझ्यामुळेच टिकले होते, आणि मी सरांना सांगितलं की माझी कल्पना. तुझं नाव मी खाल्लं. आणि सोमवारी तुलाच तसं बोलले."

ताई तिथंच बांधावर बसली, मटकन. पदर तोंडाला लावला आणि हुंदके देऊन रडली. मी शेजारी बसले, मलाही रडू आवरेना. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी तिनं पदरानं आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं, आणि खारट हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"नावाचं काय घेऊन बसलीस," ती म्हणाली. "माझ्या हातानं नाय ना झालं काय? मंग बस. आता सांग, गाठीत काय हाय. जे असल ते सांग, मी हाय खंबीर."